अर्जाचे कच्चे कागद

सातारा, ४ फेब्रुवारी १९४६
आजपासून नोकरी शोधण्याचं काम शिस्तीत. पहाटे उठणे. रोज एक अर्ज. वाटेत कुठेही थांबणे नाही.
कलेक्टर कचेरीत कारकुनाच्या जागेचा अर्ज द्यायला आलो. चौकात एकजण दातांचं औषध विकत होता. बोलणं फार मुद्देसूद. मुलाखतीला उपयोगी पडेल म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. कचेरीत पोचलो तर खिडकी बंद. शिपाई म्हणाला, मुदत शनिवारीच संपली. म्हणजे माझ्या उशिरानं काही बिघडलं नाही.
औषधाची बाटली घेतली.

सांगली, ७ फेब्रुवारी
ताईकडे परत. भावोजी विष्णुपंत शाळामास्तर, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. कचेरीचं काय झालं म्हणाले. म्हटलं, तिथं माणूस आधीच ठरलेला असतो. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, पाडव्यापर्यंत बघ, नाहीतर उंब्रजला काकांच्या दुकानात जा. नारायणकाकांचं किराणा दुकान. इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेल्या माणसानं जन्मभर पुड्या बांधायच्या.
ताई माझं ताट वाढत होती. दीड वर्ष वाढतेय.

१२ फेब्रुवारी
आली संधी. हळदीचे अडते श्रेणिकअण्णा यांना हंगामासाठी कारकून हवाय. पुढे कायम. त्यांचा मुलगा भावोजींच्या हाताखाली शिकला, म्हणून भावोजींनी माझ्यासाठी शब्द टाकला. असा शब्द त्यांनी आजवर कुणासाठी टाकला नाही, असं ताईनं मला तीनदा सांगितलं. देवापुढे साखर ठेवली.
अर्ज स्वतःच्या अक्षरात हवा. भावोजींच्या कपाटातले फुलस्केप काढले. कागद मिळत नाही हल्ली, पण काम महत्त्वाचं.

१५ फेब्रुवारी
बावीस कच्चे अर्ज झाले. 'वक्तशीर' हा शब्द कुठं घालावा ते ठरेना. शेवटी दोनदा घातला.

१९ फेब्रुवारी
पक्का अर्ज दुकानात नेऊन दिला. दिवाणजी जिनपाल आत जाऊन अण्णांना विचारून आला. म्हणाला, उद्या घरी जेवायला या, तिथंच बोलू म्हणतात.
नोकरी द्यायची नसती तर जेवायला कशाला बोलावलं असतं? वेळ सांगितली नाही. म्हणजे आपल्या सोयीनं. ताईला मुद्दामच काही बोललो नाही. एकदम नेमणुकीची बातमी देणार.

२१ फेब्रुवारी, सकाळी
काल चारलाच निघालो होतो. नदीकाठी कुस्त्या चालल्या होत्या. तासगावचा सिद्धू म्हणून पैलवान, पाऊण तास झाला तरी पाठ टेकेना. मधेच उठणं बरं दिसलं नसतं. शिवाय मोठ्या घरी उजेडात जेवायला गेलं की माणूस भुकेला दिसतो. दिवे लागल्यावर पोचलो.
सोप्यात दोन पाट मांडलेले. पुढं दोन ताटं, पालथी. चुलीचा वास नाही. अण्णा या, बसा म्हणाले. मी म्हटलं, भूक राखूनच आलोय. त्यांच्या मंडळी गुणमालाबाई दारात होत्या, त्या आत गेल्या.
अण्णा हळूच म्हणाले, आमच्या जैनांत दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाहीत. जिनपाल बोलला नसेल, सांगलीत हे कुणाला सांगावं लागत नाही. पाहुण्याच्या आधी कसं जेवायचं म्हणून मी थांबलो, पण सूर्य थांबला नाही. आता पाणीसुद्धा उद्या सकाळीच.
मी म्हटलं, माझ्यासाठी संकोच करू नका, मला केव्हाही चालतं.
त्यांनी माझा अर्ज काढला. सगळा वाचला, पुन्हा घडी घातली. अक्षर चांगलं आहे म्हणाले.
उपाशी परत आलो. पण अक्षर आवडलं. जागा नक्की.

त्याच दिवशी, दुपारी
ताईला सांगून टाकलं. ती पीठ मळत होती. अण्णा उपाशी राहिले? असं दोनदा विचारलं. मग पिठाचे हात धुतले, खोचलेला पदर सोडून नीट घेतला आणि अण्णांच्या घरी निघून गेली. कशाला कोण जाणे.
परत आली तेव्हा डोळे लाल. तिला उन्हात चालायची सवय नाही.

२७ फेब्रुवारी
जागा आटपाडीच्या एका माणसाला दिली. शिक्षण मराठी चौथी. जिनपालला जाब विचारला. म्हणाला, गड्या, त्यालाबी जेवाया बोलावलं हुतं, पर त्यो आदल्या दिशीच यून घर बघून गेला हुता, आन् जेवायची येळ इचारून गेला हुता.
घर काय बघायचं? घर कुठं जातंय?
भावोजी पाडव्याची वाट बघायला तयार नाहीत. अण्णा रस्त्यात भेटले तर हल्ली ते पलीकडच्या बाजूनं जातात, असं ताई म्हणाली. अण्णा नव्हे. भावोजी.

उंब्रज, ११ एप्रिल
मुक्काम तात्पुरता आहे. पुड्या बऱ्या जमू लागल्यात.
कागदाची सगळीकडे टंचाई, म्हणून ताईनं माझे बावीसही कच्चे अर्ज काकांना रद्दीत पाठवून दिलेत. आठवडाभर गावाला हळद त्यातच जातेय.
आज पलटणीतून सुटून आलेला हरिबा पुडीचा कागद परत घेऊन आला. पिवळा झालेला, पण वाचता येत होता. त्यानं गिऱ्हाइकांसमोर उभं राहून मोठ्यानं वाचला, 'वक्तशीर'सकट. म्हणाला, आवं, कुणी लिवलंय हे? लय झ्याक लिवलंय. मलाबी नोकरीसाठी असाच एक पायजे. ह्या गड्याला लागली असंल न्हवं?
काकांनी आतून मान वर केली.
मी म्हटलं, लागली. आणि पुढच्या पुडीचा दोरा ओढला.