वरच्या बाईंच्या वाट्याचे उंदीर

मी, खाली सही करणार, शिक्षणाने संस्कृतचा आणि व्यवसायाने बेकरीवाला, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. मन स्थिर आहे, खुर्ची नाही. गल्ल्यामागच्या या खुर्चीचा एक पाय तोकडा आहे. त्याखाली मी घातलेली पुठ्ठ्याची घडी धाकटा भाऊ दर आठवड्याला केराबरोबर झाडून टाकतो. माणसाने जन्मभर डुगडुगत बसावे, हे मी प्रारब्ध म्हणून स्वीकारले होते.

परवा मात्र खुर्ची हलेना. पायाखाली नवा पुठ्ठा होता, उंदरांच्या विषारी वड्यांच्या खोक्याचा. वाकून वाचला: ‘उंदीर खातो आणि घराबाहेर जाऊन मरतो.’

म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. घर, भट्टी आणि शिल्लक पत्नीला. तिने कधी काही मागितले नाही. विचारले मात्र पुष्कळ.

कलम दोन. मैदा मळायचे टेबल, पत्र्याचे साचे आणि पहाटे उठण्याचा हक्क धाकट्याला. यातला शेवटचा हक्क त्याने आजवर बजावलेला नाही.

कलम तीन. संस्कृत कोशाचे दोन्ही खंड त्यालाच. तो वाचणार नाही हे ठाऊक आहे. पातळ खंड खुर्चीच्या पायाखाली नेमका बसतो, घालून पाहिला आहे.

कलम चार. मैद्याच्या कोठीतले सर्व उंदीर, जिवंत व निर्विष स्थितीत, वरच्या बाईंना.

वरच्या बाई म्हणजे कोठीवरच्या माळ्यात राहणारे गव्हाणी घुबड. चेहरा पांढरा, नजर माझ्या थोरल्या आत्यासारखी, न बोलता चुका काढणारी. भाडे देत नाहीत, पण कोठीची राखण करतात. सध्या वर पिल्ले आहेत. पत्नी म्हणते, “वरच्या बाईंसाठी एवढा जीव टाकता, खालच्या बाईंनी काय घोडं मारलंय?” याला कायदेशीर उत्तर नाही.

धाकट्यासमोर पुठ्ठा धरला.

“दादा, सोय बघ ना किती. सापळा नको, वास नको. आपण होऊन बाहेर जातो बिचारा.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“बाहेर म्हणजे बाहेर. आपल्याला काय करायचंय?”

“आणि बाई जेवतात कुठे?”

तेव्हा त्याने पहिल्यांदा माळ्याकडे पाहिले.

गुरांच्या डॉक्टरांनी मग आम्हा दोघांना समजावले. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर रेंगाळतो. घुबडाला तो म्हणजे वाढलेले ताट. मग तेच विष घुबडाच्या अंगात भिनते, रक्त गोठेनासे होते आणि आतल्या आत वाहत राहते.

सबब अट अशी: माझ्या हयातीत व पश्चात या जागेत विष ठेवू नये. बिळे बुजवावीत, मैदा झाकणाच्या पिंपात ठेवावा आणि लाकडी सापळे, जे कलम पाचने धाकट्यालाच देत आहे, रोज तपासावेत. दुसऱ्या वारसाच्या ताटात विष कालवणाऱ्याला कायदा काय म्हणतो, ते त्याने वकिलाला विचारावे.

कलम सहा. चतुःसीमा. पूर्वेस शिंपी, पश्चिमेस औषधांचे दुकान, उत्तरेस भंगारवाला, दक्षिणेस रस्ता. रस्ता सोडून तिघांकडेही त्याच वड्या आहेत. त्यांना मी विनंती करू शकतो, अट घालू शकत नाही. आणि उंदीर चतुःसीमा पाळत नाहीत.

आठवड्यापूर्वी ठेवलेल्या आमच्या वड्या धाकट्याने उचलल्या. निम्म्या कुरतडलेल्या होत्या. पुठ्ठाही त्याने फेकला, त्यामुळे हे कलम पुन्हा डुगडुगत लिहिले आहे.

माझी प्रकृती, डॉक्टर म्हणतात, गुरांच्या मानाने उत्तम आहे. घुबडाला संस्कृतात दिवाभीत म्हणतात, दिवसाला भिणारा. काल भर दुपारी बाई माळ्याच्या खिडकीत उन्हात बसल्या होत्या, पंख सैल सोडून. मी जवळ गेलो तरी मान वळवली नाही. मागे पिल्ले भुकेने फिसकारत होती.

साक्षीदार: गुरांचे डॉक्टर (सही करताच बॅग उचलून माळ्यावर गेले), पूर्वेकडचा शिंपी. धाकट्यालाही सही करायची होती. वारसाला साक्षीदार होता येत नाही, असे सांगितल्यावर तो शिडी धरून उभा राहिला आहे.

स्थळ: गल्ल्यामागची खुर्ची. दिनांक: आजचा. सही: बेकरीवाला.

सहीखाली थोडी जागा उरली आहे. वारस आधी गेला तर त्याच्या नावचे कलम रद्द होते, असे वकील म्हणतात. मला माझ्या मरणाची काळजी नाही. माझ्या डोळ्यांदेखत कलम चार रद्द होईल, याची आहे.