सासूबाईंचा ब्रिज आणि फुटाणे

शुक्रवार, अकोला

सासूबाईंचा तीन नकली दातांचा ब्रिज एकदाचा बसला. आधी तोंडात डगमगत होता, म्हणून डॉक्टरांनी मधोमध कापून, नीट बसवून पाहिला आणि पुन्हा जोडायला माझ्या डेंटल लॅबमध्ये पाठवला. मी गॅस-टॉर्चच्या जाळावर दोन्ही तुकडे झाळून जोडले. जोड तांदळाएवढा, पण अख्ख्या सासुरवाडीची नजर त्याच्यावर.

आज जेवायला बोलावलं आणि ताटाआधी फुटाणे आणून ठेवले. सासूबाई एकेक फुटाणा कडाकड फोडत होत्या, माझ्याकडे बघत. दर फुटाण्याला मी मनात तो जोड तपासत होतो. जोडात बुडबुडा राहिला असेल का? जाळ जास्त तर नाही झाला?

"जवाईबापू, तुमी कावून नाई खाऊन राहिले? सोताच्या कामावर भरोसा नाई काय?"

आता माझ्या कामाचा आणि माझ्या दातांचा संबंध काय? पण बायको बघत होती. मूठभर फुटाणे तोंडात टाकले.

कडकन आवाज झाला. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई माझ्याकडे.

माझी दाढ. अर्धी तळहातावर.

"काम पक्कं हाये तुमचं," सासूबाई म्हणाल्या, "मानूसच कच्चा निंगाला." आणि फुटाण्यांची वाटी स्वतःकडे ओढून घेतली.