जोडीदाराविषयी काही प्रश्न

प्रिय श्वेताचे बाबा,

आपण रोज फोनवर बोलतो आणि तरी मी पत्र लिहायला बसले, म्हणजे बाईचं डोकं फिरलं असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. फोनवर काय बोलणार? जेवलात का, जेवलीस का, तिकडे ऊन आहे का, इकडेपण आहे. तुमच्या खोलीत इतकी माणसं, कुणाचा तरी टीव्ही लागलेला, आणि मी मनातलं काही बोलायला तोंड उघडलं की नेमकं तुम्ही ‘आवाज येत नाय’ म्हणता. शहापूरचा सुनिल सुट्टी संपवून परत दुबईला निघालाय, त्याच्या हाती देतेय. पाकीट फोडलंस तर घरी येऊन कान उपटीन, असं त्याला बजावलंय.

घरी सगळं बरं आहे हे मी रोज सांगते, ते काही खोटं नाही. छप्पर गळत नाही, मोटर चालू आहे, भेंडीचा तोडा जोरात आहे. पण दिवाळीच्या तोंडावर आई गेल्या आणि श्वेता तर जूनपासूनच कल्याणला हॉस्टेलात, नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला. एवढ्या घरात मी एकटीच खुडबुडत असते. आई होत्या तेव्हा त्यांच्या सारख्या हाका मारण्याचा मला वैताग यायचा, ‘सरे, कुठं हायस गो?’ आता कुणी हाक मारत नाही. एकटीसाठी मूठभर तांदूळ धुवायचे म्हणजे जिवावर येतं. परवा तर मी मांजरीला सांगितलं, पाणी तापलंय, आंघोळ करून घे. मग माझं मलाच हसू आलं, आणि मग हसूपण नको झालं.

म्हसा गावच्या यात्रेला यंदा गिरजावहिनीबरोबर गेले होते. घोंगडीवाल्यांच्या रांगेपाशी उगाच उभी राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत तुम्ही एका घोंगडीसाठी तासभर घासाघीस केलीत, त्या म्हाताऱ्याने शेवटी तुमच्या भावात द्यायची कबूल केली, आणि तुम्ही म्हणालात, उद्या बघू! तो शिव्या देत होता आणि मी लाजेने पदर तोंडावर घेऊन हसत होते. वहिनी म्हणाली, ‘काय घ्यायचं नाय तर उभी कशाला?’ तिला काय सांगू?

गेल्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात, शेठ विचारतोय, करार आणखी दोन वर्षं वाढवायचा का, महिनाअखेरीला सही करायची आहे. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल ते करा. तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणालात आणि विषय संपला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आणि त्यातच ती मुलगी आली.

मनाली नाव तिचं. भातसानगरची, वडील धरणावर नोकरीला होते. पीएचडी करतेय. शेतातली भाजी गिऱ्हाइकाच्या ताटात जाईपर्यंत किती हातांतून जाते, त्याला पुरवठा साखळी म्हणतात म्हणे, आणि त्या साखळीतले लोक एकमेकांशी धंदा कसा करतात, यावर. शहापूरहून किन्हवलीमार्गे स्कूटी हाणत येते, धुळीने पार माखलेली असते. आमच्या भेंडी पिकवणाऱ्या गटातल्या बायकांना वहिनीच्या ओटीवर बसवून तिने आधी सगळं नीट समजावलं. मी तेव्हा टेम्पोपाशी क्रेट मोजून देत होते, त्यामुळे मी काही ऐकलं नाही. माझी पाळी आली तेव्हा हातातले मोजेही काढले नव्हते. भेंडीची खाज नको म्हणून तुमचेच जुने पायमोजे हातात घालते, ठाऊक आहे ना? तशीच बसले.

तिने सुरुवात केली, जोडीदाराशी संबंध किती वर्षांचा? मी म्हटलं, वीसच्या वर झाली. संपर्क किती वेळा? रोज संध्याकाळी, पण घाईत. विश्वास किती, एक ते पाचमध्ये सांगा. पाच, त्यात काय विचारायचं? जोडीदार महत्त्वाची माहिती लपवतो का? मी म्हटलं, हो, लपवतात. आजारी पडले तर बरे झाल्यावर सांगतात. पोरीने मान वर केली, पण लिहून घेतलं. मग तिने विचारलं, तुमच्या मालाबद्दल तक्रार करतो का? मी म्हटलं, छे हो, मीठ जास्त पडलं तरी मुकाट जेवतात.

‘मीठ?’ म्हणाली ती. आणि पलीकडे भेंडी निवडत बसलेली वहिनी, जिला सगळं कळत होतं आणि जी इतका वेळ तोंड दाबून बसली होती, ती फुटलीच. अगं, जोडीदार म्हणजे धंद्यातला! आपली भेंडी नेणारा दामूशेठ! पोरगी बिचारी ओशाळली, हा शब्द बदलायलाच हवा म्हणाली. पुढचा प्रश्न निघाला, जोडीदार बदलायचा विचार केला आहे का, तर वहिनी ओरडली, ‘बदलून मिलत असंल तर माजा पयला लिव!’ ओटीवर नुसता धिंगाणा. मीही पोट धरून हसले. शेवटचा प्रश्न होता, हा संबंध असाच पुढे चालू ठेवण्याची इच्छा आहे का? मी दामूशेठसाठी पटकन हो म्हणून टाकलं. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या मागे मागे आला, आणि आता तो दामूशेठबद्दल नव्हता.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी कागद न घेता. म्हणाली, अभ्यासाच्या दोन पद्धती असतात काकू. एकात आकडे गोळा करायचे, दुसऱ्यात माणूस बोलेल तसं ऐकत बसायचं. तुमच्याशी दुसरीच बरी. मग मी चहा केला. किती दिवसांनी दोन कप मांडले! भेंडी कुठे कुठे जाते ते सांगितलं. दामूशेठचा टेम्पो, वाशीचं पॅकहाऊस, तिथे वाकडी-जाडी बाजूला काढून सरळ तेवढी खोक्यात, मग विमान, मग दुबई. तिथून पुढे, तिने विचारलं. तिथून पुढे आमचे हे, मी म्हटलं, भाजीबाजारातल्या गोदामात खोकी उतरवून तपासतात. तिला काय आनंद झाला! म्हणे, साखळीच्या दोन टोकांना नवरा-बायको. मला रागच आला. म्हटलं बाई, टोकाला असण्यात कसलं कौतुक? चांगली आहे पोर, तिला बोलायला नको होतं.

मागे तुम्ही खोक्याचा फोटो पाठवला होतात ना, ‘आपल्या मुरबाडची दिसते’ असं लिहून? मी तो मोठा करून करून पाहिला. भेंडी नाही पाहिली. खोक्याच्या कडेला तुमचा हात आलाय, तो पाहिला. घड्याळ मनगटावर किती ढिलं झालंय.

मनालीला मी जानेवारीतली गोष्टही सांगितली. विमान रद्द झालेलं दामूशेठला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण त्याला वाटलं आम्हाला कळलंच असेल, आणि आम्हाला वाटलं काही असतं तर तो बोलला असता. सगळा तोडा गुरांपुढे टाकला. ती म्हणाली, मी जिथे जिथे जाते तिथे हेच ऐकते काकू, माल वाटेत कमी आणि न बोलल्यामुळे जास्त सडतो. मग जाताना, स्कूटी चालू करता करता, तिने विचारलं, काकांना तुम्ही परत या असं कधी म्हटलंय का? मी म्हटलं, त्यांना कळत नाही का? ती हेल्मेट घालून निघून गेली.

तर आता म्हणते. घर बांधून झालं, पोरगी वर्षाभरात कमावती होईल, आणि ज्यांच्या औषधपाण्यासाठी पैसे लागायचे त्या आई राहिल्या नाहीत. शेठच्या दोन वर्षांची आता कुणाला गरज आहे? इथे गटाला माल तपासून खोकी भरणारा माणूस हवाच आहे, वहिनीने स्वतः तुमचं नाव काढलं. पगार तिकडच्याएवढा नसेल, नसू दे. पण हे पत्र मी त्यासाठीही लिहिलेलं नाही. आईंच्या दहाव्याला तुम्ही आलात, तेव्हा बादली कुठे आहे हे तुम्ही मला विचारलंत, आणि मी तुम्हाला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. तुम्ही उशाशी दिवा लावून ठेवायचात, तर मला झोप लागायची नाही. विमानतळावर तुम्हाला सोडून घरी आले, दार लावलं, आणि मला हायसं वाटलं. खरं सांगते, रडू नाही आलं, हायसं वाटलं. त्या दिवसापासून मी घाबरलेय. इतकी वर्षं तुमच्यावाचून करमत नव्हतं, ते मी सहन केलं. आता करमायला लागलंय. मला एकटीने राहायची सवय होत आलीय हो. ती पुरती व्हायच्या आत या.

तुमचीच,
सरिता