हत्तीडोहाचा काठ

५ एप्रिल, रविवार

ठरलं! मे महिन्यात धबधब्यावर जायचं, चालत, आणि खाली जो डोह असेल त्यात पोहायचं. आम्ही चौघी. ग्रुपचं नाव 'चार फूट' — तरणतलावातल्या सकाळच्या महिलांच्या बॅचमध्ये दोन उन्हाळे काढले आणि अजून चार फुटांची बाजू सोडलेली नाही, म्हणून. नाव शालूनं ठेवलं. तिचं फुलांचं दुकान आहे. पहाटे चारला हार ओवायला बसते आणि सातला पाण्यात असते. धबधब्याचा व्हिडिओ तिनंच पाठवला. पांढराशुभ्र, दरीभर धुकं.

माणिकबाईंनी चष्मा वर करून तो पाहिला. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, एकसष्ट वर्षांच्या, आमच्यात सगळ्यात धीट. म्हणाल्या, "हे श्रावनातलं हाये वं. उन्हायात धबधबा पाहाचा असंन त घरची टाकी भरून वाहू दे."

भावना जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्यात आहे, उन्हाळाभर टँकरच्या याद्या करते. तिनं एवढंच विचारलं, "मे महिन्यात पानी कुठं उरते, हे मालूम हाये का कोनाले?"

मला माहीत आहे, असं मी म्हणाले. बोलून गेले.

७ एप्रिल

शालूनं तिकडच्या एका निवासाला फोन लावला. "धबधबा चालू हाये का?" पलीकडचा माणूस अगदी शांतपणे — "पाऊस आला का चालू होते, ताई."

संध्याकाळी तिनं ग्रुपवरून तो व्हिडिओ काढून टाकला.

११ एप्रिल

आता सगळ्यांची भिस्त माझ्यावर. हत्तीडोहावर.

बाबा वनरक्षक होते. परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या चिंचपाटीत आमचं क्वार्टर होतं. गावापासून तासभर नाल्यानं चाललं की उंच कडा, पावसाळ्यात तिथून धबधबा पडायचा. त्याच्या खाली, अजून थोडं पुढे, डोह. मधोमध हत्तीच्या पाठीसारखा खडक. कडा मार्चमध्येच कोरडा व्हायचा, पण डोहातलं पाणी मे महिन्यातही हिरवंगार.

रविवारी गावातली सगळी पोरं त्या खडकावरून उड्या मारायची. माझा मोठा भाऊ, गोपालदादा, त्यांच्यात पहिला. तो वरूडला मामाच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकून आला होता. इतरांना वनमजूर खुशालराव शिकवायचे. पोरींनासुद्धा! फक्त मी काठावर. "तू इथं बस. कपडे सांभाळ." बाबा माझं मनगट धरून शेजारी उभे. खाकी गणवेश, पायात बूट, हातात काठी. ड्युटीवरचा माणूस. किती रडायचे मी. बोटं सैल व्हायची नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी त्यावर गोष्ट लिहिली. दिवाळी अंकात आली, लोकांना आवडली, पत्रं आली. गोष्टीत काठावर एक मुलगी एकटीच बसलेली आहे, आणि तिला तिथं बसवणाऱ्या बापाला मी काही सूट दिली नव्हती. बाबांनी अंक दोन दिवस उशाशी ठेवला होता. मग म्हणाले, "अक्षर बारीक हाये."

बस, तेवढंच.

मला त्या पाण्यात उतरायचंय. आणि उतरले हे बाबांना दाखवायचंय. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे. इथं लिहायला हरकत नाही.

१४ एप्रिल

भावनाकडे जेवलो तिघी. जयंतीच्या मिरवणुकीत चालून चालून तिच्या पायाला फोड आला होता आणि ती वाढत होती. खीर दोनदा घेतली. "उद्यापासून मी तुमची," म्हणाली.

१९ एप्रिल, रविवार

अकोला. आई गेल्यापासून बाबा दादाकडे असतात. दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं अर्धं गेलं. शब्द येतो, पण लांबून चालत येतो. हर्षावहिनी वाट पाहतात. मी घाई करते, पुढचा शब्द पुरवते. ते चिडतात.

मी म्हणाले, "बाबा, हत्तीडोहाला जायचंय. वाट सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं खूण केली — कागद. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे अर्धा तास काढत बसले. एक वाकडी रेघ नाल्याची, तिला दोन फाटे, फाट्यावर एक झाड. "उंबर," म्हणाले. स्पष्ट! उंबराच्या खालच्या अंगानं बाण. शेवटी एक गोल, त्यात एक टेकाड. हत्ती.

"मे मधी पानी असते नं?"

"अस-ते." आणि मग माझ्याकडे बोट. "तू?"

"हो. मी उतरणार आहे. मी शिकले आता."

त्यांचा चेहरा एकदम आक्रसला. मला वाटलं, अजूनही! अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईलाही नाही म्हणायचंय यांना. चिठ्ठी घेतली आणि उठले.

वहिनी दारापर्यंत आल्या. "रागावू नोका बाई. ते रात्रीच्याले तुमचंच नाव घेतात."

२० एप्रिल

रागावून आले. बसमध्ये चिठ्ठी उघडून पाहिली. डाव्या हातानं काढलेलं उंबराचं झाड. एकेक पान काढलंय.

२६ एप्रिल

आज भावनानं अडवलं. "चिंचपाटी माह्या यादीत हाये. मागच्या साली टँकर होता तिथं. गावाले प्याले पानी नाई आन् आपन चार बाया त्यांच्या पान्यात डुंबाले जाऊन राह्यलो?"

मला हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. इतकी वर्षं तो डोह माझ्याच दुःखाचा होता जणू.

ओळखीतून ओळख काढत नंबर मिळवला. खुशालराव आहेत अजून! फोन त्यांच्या सुनेनं घेतला, करिश्मा नाव. ती हसली. "प्याचं पानी वरच्या झिऱ्याचं, ताई. रेती उकरून काढतो आमी. डोहात म्हशी बसते. तुमी बसा म्हशीच्या बाजूले." मग म्हणाली, साबण-शाम्पू काही आणायचं नाही, आणि आग पेटवायची नाही. वणव्याचे दिवस आहेत.

भावना आपलं पिण्याचं पाणी इथूनच नेऊ म्हणाली. माणशी पाच लिटर. तिची यादी तयारसुद्धा झाली.

३ मे, रविवार

आग नाही म्हटल्यावर माणिकबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी देवीला बोललं होतं — पाठीवर तरंगता आलं तर पाण्याच्या काठी रोडगे घालीन. मार्चमध्ये तरंगल्या. आता गोवऱ्यांच्या आराशिवाय कणकेचे रोडगे कसे भाजायचे?

शालू — "घरून भाजून नेऊ नं."

"देवीले शिया रोडगा?"

"देवी का मायक्रोवेव्ह मांगून राह्यली काय?"

माणिकबाई पाच मिनिटं रुसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी शालूच्या अंगणात भाजू, तुपात बुडवून फडक्यात बांधू. डोहावर फक्त नैवेद्य दाखवायचा. काय सोडावं आणि काय धरावं, हे त्यांना किती कळतं.

या बायकांनी मला पाण्यात ओढलं नसतं तर मी अजून गॅलरीत बसून पाण्यावर लिहीत असते.

९ मे

डोहात चार फुटांची बाजू नसते, हे आज कोणीतरी बोललं. कोणीतरी म्हणजे मीच. पोहण्याच्या मॅडमनी दोरीपलीकडे नेलं. पायाखाली जमीन नाही हे कळताच मी मॅडमच्या गळ्याला मिठी मारली. सगळ्यांसमोर. त्यांच्या मानेवर माझी नखं उमटली.

इतका काळ मी बाबांना दोष देत आले, आणि आता कोणी धरलेलं नाही तर मीच जात नाही.

१३ मे

दोरी ओलांडली. एक रुंदी. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा भावना तिथं उकिडवी बसून होती, ऑफिसला उशीर करून. तिनं टॉवेल दिला.

१६ मे

शालूच्या अंगणात गोवऱ्यांची आर, धूर, डोळ्यांत पाणी. तिच्या नवऱ्यानं, ओमप्रकाशनं, रोडगे उलटायचं काम न सांगता उचललं. वांग्याची भाजी डब्यात. कैरीचं पन्हं. प्रत्येकीच्या ओढणीत एक कांदा, ऊन लागू नये म्हणून. अमरावतीत आज पंचेचाळीस.

पहाटे तीनला क्रूझर येणार. दादाचा फोन — बाबा सकाळपासून जेवले नाहीत, तू कधी निघणार एवढंच विचारतात. मी म्हणाले, सांग त्यांना, मी जाणार आहे.

फोन ठेवल्यावर आवाज किती कोरडा होता ते कळलं.

१७ मे, रविवार

उशीर झालाय, तरी आजच लिहिते.

साडेपाचला चिंचपाटी. क्वार्टरच्या जागी आता चिंचेचं झाड आणि जोतं. खुशालराव बाजेवर बसलेले, डोळ्यांना कमी दिसतं. मी नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं. "देवराव साहेबाची? काठावरची पोरगी?" हसले, बोळकं. "साहेब तुह्यावरची नजर काढत नोते. आमी म्हनो, ह्या पोरीले काय वाघ नेते का!"

मी हसले, पण लागलं.

करिश्मा पुढे, आम्ही मागे. नाला कोरडाठाक, दगड पांढरे पडलेले. कडा आला. उभा, काळा, एक थेंब नाही. पाणी जिथून पडायचं तिथं नुसता लांब डाग. शालू त्याच्याखाली हात पसरून उभी राहिली, "काढा फोटो, धबधब्याखाली!" म्हणाली. माणिकबाई दगडावर बसून हसत होत्या, हसता हसता गुडघा चोळत होत्या. मी मात्र पुढच्या वळणाकडे पाहत होते. इथं एवढं कोरडं, तर पुढे काय असणार? तिघींना कुठल्या भरवशावर आणलं मी — एका आजारी माणसाच्या चिठ्ठीवर.

दोन फाटे. मी चिठ्ठी काढली. करिश्माला वाट ठाऊक होतीच, पण ती थांबली. मला शोधू दिलं. उंबर होता! खोड दुप्पट झालेलं, खाली पिकलेल्या फळांचा सडा. खालच्या अंगानं वळलो आणि गार वास आला. आधी वास, मग पाणी.

हत्ती तसाच. पाणी थोडं खाली गेलेलं, पण हिरवं, खोल. तीन म्हशी.

करिश्मा साडीचा काचा मारून सरळ आत. मग शालू. भावनानं आधी काठीनं खोली मोजली, मग गेली. माणिकबाईंनी रोडग्याचा नैवेद्य दाखवला, हात जोडले आणि म्हशींच्या शेजारी पाठीवर तरंगल्या. डोळे मिटून, पोट वर. इतकं सुखी माणूस मी पाहिलं नाही.

मी काठावर. बरोबर त्याच जागी. तिघींचे कपडे माझ्या शेजारी.

भावनानं हाक मारली — "कपडे कोनी चोरत नाई इथं. ये."

गेले. कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, मग जमीन सुटली. क्षणभर मनगटावर ती जुनी पकड जाणवली, खरंच जाणवली. मग हात हलले. दहा-बारा हात मारले असतील. हत्तीच्या पाठीला तळवा टेकला — खडक वर तापलेला, खाली गार. मी तिथं चढून बसले आणि रडले. शालूनं व्हिडिओ काढला, रडण्यासकट.

दुपारभर उंबराखाली रोडगे-भाजी. तूप कोपरापर्यंत. करिश्मानं झिऱ्याचं पाणी आणलं पळसाच्या द्रोणात. आमच्या वीस लिटरांतलं उरलेलं पाणी आम्ही तिच्या घरी ठेवून आलो.

१८ मे

अंग ठणकतंय. सकाळपासून एकेकीचं नाव घेऊन मनातल्या मनात आभार मानतेय. शालू. माणिकबाई. भावना. करिश्मा. उंबरसुद्धा. एक नाव राहतंय. ते अकोल्याला जाऊन.

२१ मे

अकोला. बाबांना व्हिडिओ दाखवला. तीनदा पाहिला. मी हत्तीपाशी पोचले की दर वेळी ते श्वास सोडत.

मग एकेक शब्द आला. मी मध्ये बोलले नाही, पुरवला नाही.

"मले… पोवता… येत नोतं, बाई. कोनाले… सांगलं नाई. गार्ड… मानूस." पुन्हा व्हिडिओकडे पाहिलं. "गोपालले… येत होतं. तू बुडाली असती… त मी… कसं आनलं असतं तुले?"

डाव्या हातानं माझं मनगट चाचपलं.

ती गोष्ट त्यांनी वाचली होती. दोन दिवस उशाशी ठेवली होती.

काठावर आम्ही दोघं होतो. गोष्टीत मी एकीलाच बसवलं.