पेट्यांचे दुकान आणि रिकामे स्टूल

मी, पेटीवाल्यांची धाकटी मुलगी, वय वर्षे एकोणतीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, बुद्धी ठिकाणावर असताना लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजी करू नका. पण काळजी हा माझा लहानपणापासूनचा जोडधंदा आहे.

१. पत्र्याच्या पेट्यांचे दुकान कागदोपत्री माझे, खरे पाहता बाबांचे आहे. चालायला लागेपर्यंत मी इथेच, झाकण काढलेल्या पेटीत वाढले. गिऱ्हाइकांची नावे पेट्यांवर रंगवता रंगवता बाबांनी मला अक्षरे शिकवली. शाळेत गेले तेव्हा वाचता येत होते, फक्त माझे एक अक्षर अख्खी पाटी खायचे.

धंदा बसू लागला तेव्हा लहान उद्योगांसाठी सरकारी योजना आली. मालक तरुण स्त्री असेल तर मदत जास्त, म्हणून बाबांनीच दुकान माझ्या नावे केले. मी मालक झाले, ते कामगार. त्या मदतीतून पत्रा वाकवायचे मशीन आले आणि दुकान तगले. योजनेला मी नावे ठेवत नाही.

पाहणीला साहेब आले तेव्हा बाबा आपल्या स्टुलावरून उठले आणि हात पुसत मला म्हणाले, "मालकीणबाई, साहेब आलेत." साहेब गेल्यावर हसून विचारले, "कसं जमलं?" मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेले.

तेव्हापासून ते त्या स्टुलावर बसलेले नाहीत. मालकाच्या जागेवर कामगार दिसला तर मशीन उचलून नेतील, अशी त्यांची समजूत. असा नियम नाही. मी कार्यालयात जाऊन विचारून आले. बाबा म्हणाले, "ह्या साहेबांचं ठीक आहे गं. बदली झाली की दुसरे येतील." ते उभ्यानेच पेट्यांचे कोपरे ठोकतात. गुडघे सुजतात. मग मीही त्या स्टुलावर बसत नाही.

तरी दुकान, मशीन, ऐरण, हातोड्या, सर्व काही बाबांना. मुलीकडून बापाकडे वारसा जाणे उलटे आहे, हे मला कळते. वारसाने धंदा चालू ठेवला तर मशीन राहते, वारसाला वयाची अट नाही, हेही विचारून घेतले आहे.

२. "पत्र्याच्या पेट्या आता घेतं कोण? गाळा भाड्यानं द्या आणि पडून राहा," असे दादा बाबांना सर्वांदेखत म्हणाला होता. बाबा भरल्या ताटावरून उठले. दादाला दुकानातले काही नाही. त्याच्या लेकीला माझे रंगाचे ब्रश. तिचे अक्षर माझ्याहून सुबक आहे. दादा, राग गेला. वाक्य तेवढे राहिले.

३. बचत आईला. तिने आधी बाबांना गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. "पोरीचं होऊ दे आधी," ही सबब तोवर संपलेली असेल.

४. मोठी कातर शेजारच्या कुलूपवाल्या काकांना द्यायची होती. पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. त्यांना हे सांगितले तर म्हणाले, "मग सहीच करतो. कातर काय, तुझा बाप मागितली की देतो. परत मागतो, एवढंच."

५. स्टूल बाबांना, एका अटीवर: त्यांनी त्यावर बसावे. दुकान पुन्हा उघडतील त्याच दिवशी, आईसमोर.

'मालकीणबाई' ही हाक कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर जाईल. पेटीत बसून आतून ठोकायचे म्हणून बाबा मला आधी 'खुटखुटे' म्हणत. ते मृत्युपत्रात मागता येत नाही. मिळाले तर शस्त्रक्रियेआधी हवे आहे.

त्यांना बाहेर थांबवले आहे. दाराआडून विचारत आहेत, "मालकीणबाई, झालं का? येऊ आत?"

साक्षीदार: कुलूपवाले काका (सही). डॉक्टरीणबाई (सही, बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री करून).

लिहिणार: पेटीवाल्यांची धाकटी (सही).

तारीख: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार.

ठिकाण: दुकान. कागद स्टुलावर ठेवून, खाली जमिनीवर बसून लिहिले.