तुझ्या पाठीवरच्या थापेबद्दल

मु. पाली
चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

प्रिय मित्र बंडू यास मानसिंगचा सप्रेम नमस्कार. (तुझ्या खटल्याची नोटीस आल्यावर नमस्कार सप्रेम ठेवावा की नुसता, हे वकिलांना विचारायचं राहिलं.) इकडे सर्व क्षेम. सौ. मालिनीवहिनी बऱ्या आहेत ना? तुझ्या पाठीची चौकशी करणार होतो, पण ती नोटिशीत सविस्तर आलीच आहे.

नोटीस फक्कड आहे. मी तिकीट लावून कुस्त्या भरवणारा ठेकेदार, ‘सोनबा नामक इसम’ माझा नोकर, आणि नसरापूरच्या फडात त्यानं पंचांना, म्हणजे तुला, केलेल्या मारहाणीला मालक म्हणून मी जबाबदार. बंडू, इसम? तुझे वडील इथं मास्तर असताना आपण दोघं ज्यांच्या तालमीत लोळलो, ते आपले सोनबा वस्ताद. थंडीत तू अंथरुणातून उठायचा नाहीस, तर तुला खांद्यावर टाकून आणायचे आणि तालमीच्या दारात उतरवायचे. (मला कानाला धरून आणायचे. तू पहिल्यापासून लाडका.) तेलाचा नि ओल्या तांबड्या मातीचा तो वास आला की अजून मला सगळं टाकून पुन्हा लहान व्हावंसं वाटतं.

आता गुन्हा पाहू. आपल्या तालमीची रीत तुला मी सांगायला नको. हौद्यात उतरताना वाकून माती कपाळाला लावायची, आणि वस्तादांची थाप पाठीवर पडल्याशिवाय उठायचं नाही. कोट, टोपी, चष्मा अशा थाटात तू पंच म्हणून उतरलास आणि इतक्या वर्षांनी सवयीनं वाकलास. मागं वस्ताद आमच्या पैलवानांना हौद्यात सोडायला उभे. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात शाबूत. तू सपशेल मातीत, चष्मा तुझ्याखाली, आणि पहिली कुस्ती निकाली झाली म्हणून लोकांनी पागोटी उडवली. तुझे कचेरीतले साहेब पुढच्याच खुर्चीत होते, हे वाईट झालं खरं. हसलो मीही (थोडाच वेळ).

भोरचे वकील म्हणतात, सोपं आहे. वस्तादांना पगार नाही, दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला धोतर, एवढंच. तेव्हा ‘हा माझा माणूस नव्हे’ असं लिहून द्या, तुम्ही सुटलात, म्हातारा त्याचं तो निस्तरेल. घरी येऊन हे वस्तादांच्या कानावर घातलं. त्यांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, “चाकर न्हाईच म्या कुणाचा. पर तुमचा माणूस न्हाई, आसं लिवू नका.”

मग मी कसलं लिहून देतो! कोर्टात उभा राहून सांगणार आहे की माणूस माझा, काय असेल ते माझ्यावर. तुला काय करायचं ते कर.

तुझा (अजून तरी)
मानसिंग

ता. क. चष्म्याची एक काडी हौद्यात सापडली. सोबत धाडली आहे.

दुसरा ता. क. थाप कुणाला बसली हे वस्तादांना ठाऊक नाही. नोटिशीत तुझं भारदस्त दीनानाथ हे नाव. त्यांना तू फक्त बंडू. काल म्हणाले, “त्यो सायेब आपल्या बंडूवानी वाकला, म्हून हात उठला.” पुण्याला बंडूला कळवा, तो मोठा माणूस झालाय, तो मला सोडवील, असा त्यांनी रोजचा धोशा लावलाय. खटला मागं घे असं मी म्हणत नाही. तारखेला फक्त तुझ्या वकिलाला धाड. तू आलास आणि बोललास, तर आवाजावरून ते तुला ओळखतील.