दोन दऱ्यांचं एक पुस्तक

६ जून

ती. दादास,
स. न. वि. वि.

तिकिटं काढली. तुझ्या भाचीने आधी काढली आणि मग मला विचारलं, म्हणजे आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणेच झालं. ऑक्टोबरच्या पाच तारखेला आपण दोघं जपानला निघतोय. शहरं बघायला नव्हे. डोंगरात, जिथे तुझा तो पातळ कागद बनतो. तीस वर्षं तू लोकांच्या फाटक्या पानांना तो कागद लावत आलास आणि तीस वर्षं म्हणत आलास की एकदा तो बनताना बघायचाय. आता ‘बघू’ हा शब्द बंद.

स्पष्टच लिहिते. वहिनी जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून तुझं बांधणीचं दुकान बंद आहे. लोक पुस्तकं घेऊन येतात आणि तू त्यांना दारातूनच परत पाठवतोस, हे मला समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याकडून कळतं, तुझ्याकडून नाही. जागेच्या मालकाला ऑक्टोबरअखेर सांगायचंय, दुकान चालवणार की सोडणार. सोडलंस तर दिवसभर मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसशील, आणि मला त्याचीच भीती वाटते. म्हणून हा प्रवास. माझाही स्वार्थ आहेच. पस्तीस वर्षं मुलांना समोच्च रेषा शिकवल्या आणि स्वतः शाळेच्या गच्चीपेक्षा उंच कुठे चढले नाही.

त्या भागात दोन दऱ्या आहेत, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची. कागद दोन्हीकडे बनतो म्हणे. दोन्हींवरची प्रवासाची पुस्तकं भाचीने तुझ्या पत्त्यावर पाठवली आहेत. कोणत्या दरीत जायचं ते तू ठरव, बाकीचं मी बघते.

गुडघा बरा आहे. विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगितलं.

तुझी,
धाकटी


१७ जून

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा मायलेकींनी माझं गाठोडं बांधून दारात ठेवलंच आहे, तर मी नको म्हणून काय उपयोग? येतो. तिथे जमिनीवर गादी घालून झोपायचं असतं असं ऐकलं. झोपेन, पण सकाळी आपल्या दोघांना उठवणार कोण, त्याचीही सोय भाचीने तिकिटातच केली आहे का ते विचार.

पुस्तकं मिळाली. एकाच मालेतली, एकाच मापाची, दोन्ही एकशे साठ पानांची. बांधणी मात्र अशी की उघडलं की मिटतं आणि दाबून धरलं तर पाठ मोडते. ते मला बघवेना. दोन्ही उसवली. सोळा-सोळा पानांच्या घडीचे फर्मे असतात, ते सगळे सुटे केले, पुन्हा हाताने शिवले, वर मऊ कापड चढवलं. आता टेबलावर सपाट उघडी राहतात आणि वजनही निम्मं झालं. माझा कागद दक्षिणेच्या दरीतून येतो, म्हणून आपण तिकडेच जायचं. ते पुस्तक तुला पाठवतोय, उत्तरेचं माझ्याकडे ठेवतो.

नीट, सावकाश वाच, आणि कसं झालंय ते कळव. दहा महिन्यांत सुई पहिल्यांदाच हातात धरली.

घरच्यांना आशीर्वाद. राग धरू नये, माया धरावी.

तुझा,
दादा


३ जुलै

ती. दादास,
स. न. वि. वि.

पुस्तक मिळालं आणि डोक्याचा भुगा झाला. हे पुस्तक लिहिणाऱ्याला मी पाचवीच्या वर्गातसुद्धा पास केलं नसतं.

साठाव्या पानापर्यंत नदी मुकाट्याने पूर्वेकडे वाहते. पासष्टाव्या पानापासून ती पश्चिमेकडे वाहू लागते. मी मोठा कागद पसरून दरीचा नकाशा काढायला घेतला, तर आपल्या मुक्कामासाठी मी ठरवलेली धर्मशाळा पुलाच्या अलीकडेही येते आणि पलीकडेही. एका ठिकाणी लिहिलंय की पूल ओलांडताच बस मिळेल. पुढे लिहिलंय की या दरीत पूलच नाही, होता तो पुरात गेला. अठ्ठेचाळिसावं पान संपतं ते असं, की बस स्थानकातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला. आणि एकोणपन्नासावं सुरू होतं ते असं, की कपडे काढून टोपलीत ठेवावे व कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवावे. बस स्थानकाबाहेर, दादा! मी तुझ्या भाचीला विचारलं, तर ती म्हणाली की तिकडे गरम पाण्याची कुंडं सगळीकडे असतात, त्यात काय एवढं.

आणि अस्वलं. ऐंशीव्या पानावर म्हटलंय की रानवाटेवर अस्वल समोर आल्यास पळू नये, शांत उभे राहावे आणि. समोरचं पान बघितलं तर, दोन्ही हातांनी भेटवस्तू पुढे करून किंचित वाकावे. ते लोक फार नम्र, हे ऐकून होते. पण अस्वलाशीसुद्धा? आणि भेट म्हणून न्यायचं काय?

मी धर्मशाळेच्या मालकिणीला सरळ पत्र घातलंय की बाई, तुमच्याकडे यायचं कसं ते तुम्हीच सांगा. उत्तर येईपर्यंत मी नकाशा चार वेळा खोडून पाचव्यांदा काढतेय.

गोंधळलेली,
धाकटी


१२ जुलै

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

नाचता येईना अंगण वाकडं! पस्तीस वर्षं खडूने फळ्यावर नद्या वाहवल्यास, आता खरी नदी आली तर ती तुला उलटी दिसते. डोंगरातली नदी आहे, वळत असेल. पूल एक वाहून गेला असेल, दुसरा बांधला असेल. पानांचे आकडे बघ, एक ते एकशे साठ, एकही मागेपुढे नाही. मी स्वतः दोनदा मोजलेत. मी वाचलं मात्र नाही. बाइंडर वाचत बसला तर पुस्तकं बांधणार कोण?

इतकं लांबलचक पत्र लिहिलंस, पण बांधणीबद्दल एक अक्षर नाही. शिवण कशी वाटली? पानं सपाट पडतात ना? सगळं जागच्या जागी आहे ना? तेवढं लिही.

इकडे बरं आहे. काल दुकानाचं दार उघडून दाबयंत्राला तेल दिलं, सुऱ्यांना धार लावली. घड्याळवाला येऊन बसला आणि तासभर बोलला. मला त्याचा राग आला नाही. अस्वलासाठी म्हणशील तर त्याच्याकडून एक बारीक घंटा घेतली आहे. पिशवीला बांधली की वाटेवर वाजत राहते आणि अस्वल आपणहून दूर जातं, असं तो सांगतो. त्याने अस्वल कधी पाहिलंय हे मी विचारलं नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
दादा


३० जुलै

ती. दादास,
स. न. वि. वि.

घोडं कुठे पेंड खात होतं ते सापडलं! बसून वाच.

धर्मशाळेच्या मालकिणीचं उत्तर आलं. फार गोड बाई आहे. तिने लिहिलंय की मी विचारलेली बस तिच्या दरीत नाही, पूलही नाही, आणि मी खूण म्हणून लिहिलेलं देऊळ डोंगराच्या पलीकडे, उत्तरेच्या दरीत आहे. तिला वाटलं, मी दोन वेगवेगळ्या सहलींची पत्रं चुकून एकाच पाकिटात घातली. मग मी भिंग घेऊन बसले. दर सोळा पानांनी, पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव छापलेलं असतं. एका ठिकाणी दक्षिण, पुढे उत्तर, पुन्हा दक्षिण, मग दोनदा उत्तर. दादा, तू दोन पुस्तकांचे फर्मे एकमेकांत मिसळलेस! दोन्हीकडे पानांचे आकडे सारखेच, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आपण महिनाभर जिच्या प्रवासाचे बेत केले ती दरी पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही.

मी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिले. तुझ्या भाचीला फोन करून सांगितलं, शेजारच्या बाईंना बोलावून अस्वलाचं पान वाचून दाखवलं. नामांकित बाइंडर आणि भूगोलाच्या शिक्षिका, जोडी काय जमली आहे! माझ्याकडचं पुस्तक सोबत परत पाठवतेय. आता तू दोन्ही पुस्तकं उसव आणि नीट लाव, तासाभराचं तर काम. आपण निघू तेव्हा सबंध वाटेवर मी तुला चिडवणार आहे.

तुझी,
धाकटी


७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

माझं तिकीट रद्द करावं. भाचीला घेऊन तू जा. दुकान सोडत असल्याचं मालकाला या आठवड्यात कळवतो. सामान समोरच्या घड्याळवाल्याला देईन.

प्रकृती ठीक आहे. काळजी नसावी.

दादा


१३ ऑगस्ट

ती. दादास,
न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ते पुस्तकसुद्धा एवढं अनाकलनीय नव्हतं. मागच्या पत्रात तू सुऱ्यांना धार लावत होतास, या पत्रात दुकान सोडतोस. मधे काय झालं? मी हसले म्हणून? लहानपणापासून मी तुला हसत आले, तू मला. तेव्हा कधी तू दुकान सोडलं नाहीस.

की शेजारच्या बाईंना बोलावलं म्हणून? तसं असेल तर चुकले, माफी मागते. पण एका पुस्तकाचे फर्मे इकडचे तिकडे झाले म्हणून सेहेचाळीस वर्षांचं काम टाकून द्यायचं, हे मला पटत नाही आणि कळतही नाही. वहिनीच्या दुःखाने तू दुकान बंद ठेवलंस, ते मी समजू शकत होते. हे नाही.

तिकीट रद्द केलेलं नाही. करणारही नाही. काय ते खरं लिही.

धाकटी


२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिही म्हणालीस, लिहितो. तीनदा लिहून फाडलं, हे चौथं.

दुकान मी दुःखाने बंद ठेवलं नव्हतं. दुःख होतं, आहे. पण त्याने हात थांबत नाहीत. उलट काम असतं तर बरं झालं असतं. तुझी वहिनी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी एका शाळेचा अहवाल बांधायला घेतला. शिवला, डिंक लावला, पुठ्ठा चढवला, वर सोनेरी अक्षरं उठवली. उघडून पाहिला तर मधलं शेवटी आणि शेवटचं मधे. दुसरी प्रत बांधली, ती वेगळ्याच तऱ्हेने चुकली. तेव्हा लक्षात आलं की फर्मे क्रमाने लावायचं काम मी आयुष्यात केलेलंच नाही. सकाळी मी दुकानात यायचो तेव्हा ते लावून टेबलावर ठेवलेले असायचे. मी सुई घेऊन बसायचो. लोक बांधणी नावाजायचे, मी मान डोलवायचो. ती मागच्या खोलीत पुढचं पुस्तक लावत असायची.

तळाला नाव छापलेलं असतं, हे तू मला तुझ्या पत्रातून सांगितलंस. सेहेचाळीस वर्षं धंदा करून मला ते ठाऊक नव्हतं. ते बघायची पाळीच माझ्यावर आली नव्हती.

गिऱ्हाइकाला काय सांगू, की मला निम्मंच काम येतं? त्यापेक्षा तो दुःखात आहे असं लोकांनी म्हटलेलं परवडलं. तुमची ती दोन पुस्तकं आली तेव्हा वाटलं, घरचं काम आहे, चुकलं तरी चारचौघांत जाणार नाही. मनाशी ठरवलं होतं, ही दोन नीट जमली तर मालकाला सांगायचं की दुकान चालवतो. म्हणून तुला खोदून खोदून विचारत होतो. तू नदीबद्दल लिहिलंस तेव्हाच शंका आली होती, पण पानांचे आकडे मोजून मी स्वतःची समजूत घातली.

तुझ्या हसण्याचा राग नाही. हसण्यासारखंच आहे. मालकाकडे दोनदा गेलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो, अजून सांगणं झालेलं नाही. फर्मे तसेच टेबलावर सुटे पडले आहेत. हात लावायचा धीर होत नाही.

तिने एकदा तरी म्हणावं ना, की हे शिकून घ्या? नाही म्हणाली. आणि तू हे कसं करतेस, असं मीही कधी विचारलं नाही.

तुझा,
दादा


२९ ऑगस्ट

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. मालकाकडे तिसऱ्यांदा जाऊ नकोस. गेलास तर हवापाण्यावरच बोल. फर्मे टेबलावर आहेत तसेच राहू देत. मी समोर बसेन, तू लाव, मी तळाची नावं मोठ्याने वाचेन. चुकलं तर पुन्हा लावायचं. मी होय म्हणेपर्यंत सुई हातात घ्यायची नाही. तिसरीतली मुलं पाढे शिकतात, तू हे शिकशील. सदुसष्टाव्या वर्षी शिकायला लाज वाटत असेल तर तीही वाटू दे, त्याने काम अडत नाही. पाच ऑक्टोबरपर्यंत पाच आठवडे आहेत. धर्मशाळेच्या मालकिणीला कळवलंय की आम्ही दोघंही येतोय, आणि कागद बनतो ते घर तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे असं तिचं उत्तर आहे.

आता एक गोष्ट, जी मी तुला न सांगता केली. माझ्या कपाटात तू बांधून दिलेली तेवीस पुस्तकं आहेत. माझे नकाशांचे संग्रह, शाळेची वार्षिकं, घरातले जुने शब्दकोश. सगळ्यात जुनं चाळीस वर्षांचं. तुझं पत्र आल्यावर ती सगळी खाली काढली आणि तीन दिवस एकेक पान उलटत बसले. चूक शोधत होते. एखादा तरी फर्मा मागेपुढे सापडावा, म्हणजे तुला लिहिता आलं असतं की वहिनीचंसुद्धा कधीकधी चुकायचं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

नाही सापडला, दादा. एकही नाही. तेव्हा तुझी समजूत घालायला माझ्याकडे काही नाही.

आणि तुझ्यावर रागवायला तोंडही नाही. ती पुस्तकं हातात पडली तेव्हा तेवीसही वेळा मी आभाराचं पत्र घातलं होतं. तेवीसही पत्रं तुझ्या एकट्याच्या नावाने होती.

लोभ आहे, असाच राहो.

तुझी,
मास्तरीण